पर कापलेल्या पिल्लांमागं

मासं मोजायला मला न्यायला गाडी आली, तवा मी किकवीत आमच्या दारात लसूण सोलत बसले हुते. गाडी एक पोरगीच चालवत हुती. श्रुती तिचं नाव, पुन्याची. नदीतल्या मास्यांचा अभ्यास करती. पावसाळ्यात ती एकदा आमच्या गावात येऊन गेली हुती, मास्यांची जुनी नावं कुनाला येतात ते इचारत. म्या तिला खडशी, मळ्या, वाम अशी नावं सांगितली, आनि खडशीचं पिल्लू शेपटीजवळच्या काळ्या ठिपक्यावरनं वळखायचं, त्ये बी सांगितलं. तवाच ती म्हनली, "आजी, पाऊस सरल्यावर माझ्याबरोबर याल का? तुमच्या माहेरालाच जायचंय."

माझं माहेर वेल्ह्याच्या अंगाला, गुंजवनी नदीच्या काठी. दोन एस्ट्या बदलल्या की मानूस जेवायच्या येळंला पोचतं. तरी मी नऊ वरसं गेले न्हवते. आधी गुडघं, मंग सुनंचं बाळंतपन, मंग त्यो रोग आला नि सगळीच घरात बसली, मंग पुन्यांदा गुडघं. जवळचं गाव असं लांब पडत जातं.

ह्ये मी सांगते नि माझी सून मनीषा लिहिती. मी दुसरीपातूर शाळंत गेले, त्याच्या म्होरं बकऱ्या हुत्या.

वर, ओढ्याला

नसरापूर सोडलं की रस्ता वळतो आनि वारं बदलतं. आमच्याकडं कांदा, ज्वारी, उन्हाचा धुरळा. तिकडं भात पिवळं पडाया लागल्यालं, बांधाबांधानं तेरडा, आनि तोरन्याच्या माथ्यावर ढग बसल्यालं. मी काच खाली करायला सांगितली. भाताचा वास आला. श्रुती म्हनली, "एसी लावलाय, आजी." म्हनलं, "लाव की. मी कुठं न्हाई म्हनते."

काम काय हुतं ते सांगते. खडशी हा मोठ्या खवल्याचा मासा. पावसात नदीतनं वर वर चढतो, बारक्या ओढ्यात शिरून अंडी घालतो. पाऊस सरला की बोटाएवढी पिल्लं ओढ्यातनं नदीत उतरतात आनि खाली खोल डोहाला जातात. वाटंत आमच्या माहेरचा बंधारा. पावसाळ्यात त्याच्या मोऱ्या उघड्या असतात. पाऊस गेला की गाववाले मोऱ्यांत लोखंडी ढापं बसवतात, म्हंजी गव्हाला पानी साठतं. ढापं बसलं की मागं राहिलेली पिल्लं वरच अडकतात. म्होरं मोटरी चालू होतात, पानी आटतं, नि ती चिखलात मरतात. श्रुतीचं म्हननं, एक मोरी पंधरा दिस उशिरा बंद करा. गावाचं म्हननं, पिल्लं तवर गेल्याली असतात, उगा आमचं पानी का घालवता?

आनि गाव म्हंजी कोन, तर माझाच भाऊ. नाना. पान्याच्या संस्थंचा मुख्य त्योच.

पहिल्या दोन दिसात आमी वरच्या वस्तीवर राहून ओढ्यात पिल्लं धरली. श्रुतीकडं बारीक जाळं, दोन घमेली नि एक कात्री. एका घमेल्यात पानी आनि त्यात दोन थेंब लवंगाचं तेल. त्यात पिल्लू सोडलं की त्याला गुंगी येती. म्हनलं, "दात दुखल्यावर आमी लावतो ह्ये." ती म्हनली, "तेच." मंग पोटाखालचा उजवा पर, त्याचं निम्मं टोक कात्रीनं कापायचं, पिल्लू चांगल्या पान्यात शुद्धीवर आनायचं नि ओढ्यात सोडायचं. खाली बंधाऱ्यापल्याड असं अर्ध्या पराचं पिल्लू घावलं, तर समजायचं की ह्येच पोर वरनं चालत आलंय.

माझं काम, खडशीची पिल्लं येगळी काढायची. मळ्या दगडाला चिकटून बसतो, त्याला हात लावायचा न्हाई. श्रुतीला सगळी सारखीच दिसायची, भिंग लावून बघायची. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत न्हाईत, तरी तिच्या आधी माझी टोपली भरायची.

"आजी, कसं कळतं तुम्हाला?"

"तुला तुझ्या वर्गातल्या पोरी कशा कळायच्या?"

दुसऱ्या दिशी दोनेकशे पिल्लं झाली. परतताना शेवटची बादली पायाशी धरून मी गाडीत बसले हुते, खालच्या वळनाला सोडायची म्हनून. म्होरं म्हस आली, श्रुतीनं ब्रेक दाबला, नि बादली माझ्या मांडीवर. मी लुगड्याचा ओचा धरला, त्यात आठ पिल्लं उड्या मारतायत. श्रुती रडकुंडीला आली. म्हनलं, "रडू नको, उतर नि दार उघड." तशीच ओचा धरून ओढ्यापातूर चालत गेले नि पान्यात बसले. आठच्या आठ गेली. माझी चप्पल बी गेली, एक. दुसरी म्या काठावर ठिवली. एका चपलीचं काय करायचं?

बंधाऱ्यावर

ह्यो बंधारा मला ठावा हाय. मालक गेलं तवा माझी दोन लेकरं, थोरला चार वरसाचा, धाकटी पाळन्यात. सासरी खानारी तोंडं लई हुती. माहेरी आले. तवा ह्याच बंधाऱ्याचं काम चाललं हुतं. दोन वरसं म्या हितं दगड वाहिलं. पोरगी उंबराला झोळीत, थोरला दगडांच्या ढिगाशी. दोन बोटं हितंच गेली, दगडाखाली. मुकादमानं चिंधी दिली नि सांजंपातूर एका हातानं पाटी धर म्हनला. धरली.

त्या पावसात मातीचा आडवा बांध घातल्याला हुता. मासं चढनीला लागलं नि त्या बांधापाशी येऊन थांबलं. मागं जाईनात, म्होरं जाता येईना. डोकी आपटत हुती. आमी बाया पाट्या भरभरून मासं नेलं, वाळवलं. त्या वरसी माझी लेकरं त्याच्यावर जगली. मला वाईट वाटलं न्हाई. खोटं कशाला सांगू? वाईट त्याच्या म्होरल्या वरसी वाटलं, जवा खडशी आलीच न्हाई. पाच-सहा वरसांनी एखादी दिसाया लागली.

ह्ये म्या श्रुतीला सांगितलं तवा ती लिहायची थांबली. म्हनलं, "लिव्ह, लिव्ह. तुझं काम कर."

तिसऱ्या दिशी सकाळी आमी खाली उतरलो, तर नाना बंधाऱ्यावर आमची वाटच बघत हुता. माझ्याहून सात वरसांनी धाकला. केस पार पांढरं. माझ्या पाया पडला, नि उठता उठता म्हनला, "अक्का, नऊ वरसं भावाला बघाया येळ न्हवता. मास्यांना बघाया बरी आलीस."

"मासं उलट बोलत न्हाईत," म्हनलं.

त्यानं श्रुतीला सगळं नीट सांगितलं. आइतवारपातूर बंधाऱ्याच्या खाली पर कापलेलं एक पिल्लू दाखवा. एकच. मंग शेवटची मोरी पंधरा दिस उघडी. न्हाई दाखवलं, तर सोमवारी सकाळी समदं ढापं बसनार. "मॅडम, माझ्या घरचा गहू हाय तीन एकर. मी एकला न्हाई, चाळीस घरं हायती. मासा पोळीला लावून खाता येत न्हाई."

"लावून बघ कवातरी," म्हनलं.

श्रुती हसली न्हाई. दोन पावसाळं ती ह्याच्यावर फिरत हुती. मला वाटलं, पोरीच्या जिवाला लागलंय. माझ्या बी लागलं हुतं, पन मी बोलून काय दाखवनार? त्या पिल्लांच्या आयांना म्या पाटीत भरून नेलं हुतं. तवा आता त्यांच्यापैकी एखादं तरी खाली उतरताना बघावं, एवढंच मनात.

सुक्कीरवार, शनवार. शेवटच्या मोरीच्या तोंडाला श्रुतीनं मोठं जाळं लावलं, मागं निमुळतं, पिशवीसारखं. दर दोन तासांनी उचलायचं. काय काय निघालं? मळ्या, खेकडं, एक चड्डी, गुटख्याच्या पुड्या, पानकिडं. खडशीची पिल्लं बी निघाली थोडी, पन समद्यांचं पर धड. दिस मावळला की नाना यायचा नि आमाला उठवायचा. "चला. रातच्याला हितं कुनी बसायचं न्हाई. मागल्या महिन्यात बिबट्यानं कुत्रं नेलंय." जाळं तसंच सोडलं तर पाला-कचरा येऊन पिल्लं चेंगरून मरतात, म्हनून ते बी वर घ्यायचं. सकाळी च्या पिऊन पुन्यांदा लावायचं.

नाना रोज बघून जायचा. "मॅडम, मासं शिकल्यालं दिसत्यात. जाळं वळखत्यात."

भावाच्या घरी

मला माहेरचं कालवन लई दिसांनी मिळालं. आमच्या किकवीत कालवनाला शेंगदान्याचं कूट. माहेरी कुटाचं नाव काढलं की हसतात, आमसूल पायजे, नि भाकरी तांदळाची. सासरी गेल्यावर पहिलं वरसभर मला कुटाचं कालवन गिळायचं न्हाई. आता माहेरचं आमसूल दाताला झिनझिनतं. दात म्हंजी चारच राहिलेत.

माझी भावजय शांता. मोठ्या घरची लेक, पन हात मायेचा. रोज रातीला माझ्या गुडघ्याला तेल लावायची. म्हनलं, "शांते, मी काय बाळंतीन हाय का?" म्हनली, "वन्सं, नऊ वरसांचं तेल राहिलंय. गप बसा."

आइतवारी सकाळी नाना म्हनला, "अक्का, आज तुझ्यासाठी मासं आनतो. कालवन माझ्याकडनं." आमी जाळ्याकडं गेलो. दुपारपातूर तीन येळा जाळं उचललं. अर्ध्या पराचं एक न्हाई. श्रुती नुसती पेन्सील चावत हुती. एकाच्या सुमाराला आमी जेवाया घरी आलो.

शांता मागच्या दारी दगडावर बसल्याली, इळी पायाखाली, म्होरं ताटात बोटाएवढं मासं. आमी जाळ्याकडं गेल्यावर नानानं आनलं हुतं. बंधाऱ्याच्या खाली उंबराच्या मुळ्यांत त्यानं आदल्या सांजंला मासं धरायची बांबूची टोपली लावली हुती. मला ताटात शेपटीचं काळं ठिपकं दिसलं. खडशीचीच पिल्लं. आनि बंधाऱ्याच्या खालची.

"शांते, थांब," म्हनलं.

ती थांबली. इळी थांबली. पन दोनच मासं राहिलं हुतं. बाकी तीस-पस्तीस साफ झाल्यालं, आनि समद्यांचं पर कापल्यालं. इतक्या बारक्या मास्याचं पर कुनी कापतं व्हय? राख लावून चोळतात नि तसंच टाकतात कालवनात. पन माझ्या तोंडात चार दात. वन्संच्या घशात काटा जाऊ ने, म्हनून तिनं एकेक मासा धरून, वरचं, खालचं, पोटाचं, समदं पर इळीवर उतरवलं हुतं. सकाळपास्नं तेच करत हुती.

श्रुती खाली बसली. उरलेलं दोन बघितलं. पर धड. मंग साफ केल्यालं एकेक उचलून भिंगाखाली धरलं. शांताला काय कळंना. नानाला कळलं. त्यानं डोक्याची टोपी काढली नि भिंतीला टेकून बसला.

"पर कुठं टाकलं?" म्या इचारलं.

"मांजरीनं खाल्लं, वन्सं."

म्या बी एकेक मासा हातात घेतला. डोळ्यानं दिसत न्हाई, पन अंगठ्याला कळतं. ताजा काप खरखरीत लागतो. एक पिल्लू असं निघालं की उजव्या पोटाशी बारीकसा खुंट राहिल्याला, आनि त्याची कड मऊ. चार दिसांच्या जखमंसारखी. म्या त्यो श्रुतीच्या हातात दिला. तिनं लई येळ बघितलं.

"आजी, असेलही. पण विळीनं अर्धवट राहिला असेल, तरी असाच दिसेल. मला हा लिहिता येणार नाही."

नाना म्हनला, "मॅडमचं राहू द्या. अक्का, तू सांग. त्योच हाय का? तू व्हय म्हनलीस तर बास. मी ढापा थांबवतो."

सगळी माझ्याकडं बघाया लागली. श्रुती बी. मासा माझ्या तळहातावर हुता. व्हय म्हनायला काय लागतं? मला म्हनायचं बी हुतं. पन म्या अंगठा पुन्यांदा फिरवला नि मला पक्कं कळंना.

"सांगता येत न्हाई, नाना."

"बघ पुन्यांदा."

"बघितलं. न्हाई सांगता येत."

शांताला तवा समजलं काय झालं ते. ती पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली. श्रुतीनं त्यो एक मासा बाटलीत ठिवला. बाकीच्याचं कालवन झालं. मी एरवी अर्धी भाकरी खाते, त्या दिशी दीड खाल्ली नि वर वाटीभर रस्सा पिले. शांता बघत हुती. म्हनलं, "काटा एक लागला न्हाई." श्रुती बी जेवली. तिनं पयल्यांदाच खडशी खाल्ली म्हनं. इचारलं, "कशी लागली?" म्हनली, "आजी, चांगली लागली हेच वाईट आहे."

जेवनं झाल्यावर ती म्हनली, "पिल्लं अंधारात उतरतात. आपण दिवसा जाळं लावत होतो." म्हनलं, "आनि अंधारात ह्यो आपल्याला घरी आनत हुता, बिबट्या नेईल म्हनून." दिस बुडायच्या आत जाऊन नानानं टोपली पुन्यांदा उंबराखाली लावली.

सोमवार

फटफटीत उजाडल्यावर आमी तिघं उंबराखाली गेलो. नानानं टोपली उचलली, श्रुतीनं पान्याच्या घमेल्यात रिकामी केली. अकरा मळ्या, एक खेकडा, खडशीची चार पिल्लं. म्या चारीच्या पोटाखालनं बोट फिरवलं. धड. चारी धड.

बंधाऱ्यावर सहा-सात गडी आले हुते. ढापं काठाला रचल्यालं. कुनीतरी म्हनला, "नाना, करू का सुरवात?" नाना म्हनला, "करा." ढापा खाचंत बसताना लोखंड दगडावर घासतं, त्यो आवाज पार काळजात जातो. पयली मोरी. दुसरी. प्रत्येक मोरीमागं खालची धार बारीक होत गेली. श्रुती जाळं गुंडाळत हुती. तिच्याकडं बघवंना, म्हनून मी पान्याकडं बघत बसले. ठरलं हुतं ते ठरलं हुतं.

शेवटच्या मोरीचा ढापा नाना नि एका गड्यानं उचलला. दोन पावलं गेलं नि नानानं त्याची बाजू खाली टेकवली.

"काय झालं?" गडी म्हनला.

"कंबर," नाना म्हनला, नि ढाप्यावरच बसला. मंग माझ्याकडं बघून म्हनला, "अक्का, काल तू व्हय म्हनली असतीस तर म्या मानलं असतं."

"म्हाईत हाय."

"मंग का न्हाई म्हनलीस?"

"मला ठावं न्हवतं म्हनून."

त्यानं तंबाकू काढली, मळली, तोंडात टाकली. गडी उभं.

"पंधरा न्हाई जमायचं," त्यो श्रुतीला म्हनला. "आठ दिस. आनि दिवसाचं जाळं बंद. सांजंला तुमी जाळं लावायचं, मी बॅटरी घेऊन थांबनार. मला बी बघायचंय आता."

एक गडी कुरकुरला, "नाना, आपलं तर ठरलं हुतं."

"ठरलं हुतं. कुनी ठरवलं हुतं?"

"तुमीच की."

"मंग."

तिघं-चौघं बडबडत खाली गेलं. एकानं जाता जाता म्हनलं की बहिनी आल्या की भावांचं गहू वाळतात. नानानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी बी.

दुपारच्या एस्टीनं मी निघाले. श्रुती तितंच राहिली. शांतानं नवी चप्पल दिली, तिचीच, पायाला एक बोट लांब. बांधून दिल्यालं तांदूळ नि आमसूल. नसरापूरला गाडी बदलताना एका पोरानं हात धरून चढवलं. घरी आले तर लसूण तसाच दारात, सोलायचा राहिल्याला.

पाचव्या दिशी मनीषाच्या मोबाईलवर नानाचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्याचं इचारलं. मंग शांताचं सांगितलं, मंग पावसाचं.

"नाना, कामाचं बोल."

"पहाटं घावला, अक्का. उजव्या पोटाचा पर अर्धा. जाळ्यातच. मॅडमनं बघितला, लिहिला. ती रडाया लागली, मला काय कळंना काय करावं. मंग म्या पान्याची वाटी धरून बसलो."

"एकच?"

"एक. मंग उजाडता उजाडता आनिक दोन."

"सोडलं?"

"सोडलं की. माझ्या हातानं सोडलं. लगेच जाईनात, तितंच काठाला घुटमळली. मंग गेली खाली."

त्यानं ती मोरी पुरं पंधरा दिस उघडी ठिवली. बंधारा अर्धाच भरला. तीन एकरापैकी एकात गहू केला, दोनात हरभरा. हरभऱ्याला पानी कमी लागतं. म्या इचारलं न्हाई, त्यानंच सांगितलं.